मंगळवारची शाखा

बीडला पाहायला काय आहे, असं निघण्याआधी पुण्यात मला चार जणांनी विचारलं. खरं तर मी पाहायला चाललेच नव्हते, बोलायला चालले होते. मी स्पॅनिश शिकवते आणि जमेल तेव्हा दुभाषाचं काम करते. या वेळी सोबत ग्रासिएला होती. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात ती वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरवर बसली, मग एक दिवस नोकरी सोडली. जिथं जिथं लोकांच्या ठेवी अडकल्या, त्या त्या देशात जाऊन माणसांना भेटायचं, असं तिनं ठरवलं. सायप्रस झालं, लेबनॉन झालं. मराठवाड्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखा एकाएकी बंद पडल्याची बातमी तिनं कुठंतरी वाचली आणि मला पत्र पाठवलं.

दुभाषाचा एक नियम असतो. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. इतक्या वर्षांत या नियमाचा मला कधी त्रास झाला नव्हता.

मांजरसुंबा, रविवार

बसमधून आम्ही मांजरसुंब्याला उतरलो तेव्हा खाजाभाई जीप घेऊन उभे होते. वय साठीच्या पुढं, पांढरी दाढी, नखांत ग्रीस. धारूरला त्यांचं गॅरेज आहे, आणि त्याच पतसंस्थेत त्यांचीही ठेव अडकलेली. बीडच्या एका ओळखीच्या पत्रकारानं त्यांचा नंबर दिला होता.

"आधी रबडी खावा," ते म्हणाले. "मांजरसुंब्यावरून बिगर रबडीचं जाऊ ने."

ढाब्यावर ट्रकांची गर्दी होती. रबडी दाट, वर सायीचे पापुद्रे. ग्रासिएलानं दोन वाट्या संपवल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. खाजाभाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "बाईच्या मुलकात बी बँक बुडाली का?"

मी विचारलं. ग्रासिएला हसली. "आमच्याकडं एक बँक नाही, सगळ्याच एका दिवशी बंद झाल्या. सरकारनं कायदाच केला होता, एक पेसो म्हणजे एक डॉलर. कुणीही या, पैसा आणा, पैसा न्या, दारं उघडी. दहा वर्षं आम्ही ते खरं मानलं. मग पैसा बाहेर पळायला लागला आणि एका डिसेंबरात सरकारनं हुकूम काढला, की आठवड्याला इतकेच पैसे काढता येतील. माझी मुलगी आता कॅनडात राहते. तिथं मोजक्या मोठ्या बँका आणि सरकार त्यांच्या कारभारात सारखं डोकावतं. मुलगी कटकट करते, घराच्या कर्जासाठी पणजोबांपर्यंत चौकशी करतात म्हणून. पण बँकेची बातमी तिला कधी वाचावी लागत नाही." मग तिनं मला विचारलं, "तुमच्या बँकांवरही रिझर्व्ह बँकेची नजर आहे ना? ठेवीचा विमा आहे. मग ही माणसं बाहेर कशी राहिली?"

मी तिला समजावलं, की पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकाराच्या कायद्याखाली नोंदलेली. हिची नोंदणी दिल्लीत, शाखा इथं, आणि ठेवीला विमा नाही.

खाजाभाईंना सारांश सांगितला तर ते म्हणाले, "ते आता कळलं. बोर्ड झगमग, आत गारेगार हवा, आमाला बँकच वाटली. अन् मोठ्या बँकेत गेलतो ना मी. फारम चुकलं म्हून तीनदा परत पाठवलं. हितं शाखेच्या वैशालीताईनं सोता फारम भरलं, च्या पाजला. मग मानूस कुठं जाईल? तुमीच सांगा."

माझे वडील सांगलीकडे दूध संस्थेत कारकून होते. दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांना दुधाचा पगार व्हायचा, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत मटणाचा वास यायचा. सहकार म्हटलं की मला अजून तोच वास आठवतो.

केजवरून धारूरकडं वळलो. फेब्रुवारीचा शेवट, पण बालाघाटाचे डोंगर मे महिन्यासारखे करपलेले. सीताफळीच्या काटक्या उभ्या, कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या, आणि माणूस कुठंच नाही. आमच्याकडं या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडतो. तो ऊस तोडायला गेलेली माणसं इथली, हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या मागं राहिलेला मुलूख मी पहिल्यांदा पाहत होते. एका माळावर चारा छावणी लागली होती. शेकडो जनावरं रांगांनी बांधलेली आणि एकही हंबरत नव्हतं. जीप गेली तशी सगळ्यांनी माना वळवल्या. ग्रासिएला म्हणाली, "कोरालितो." म्हणजे छोटा कोंडवाडा. तिच्या देशात ठेवी कोंडल्या गेल्या, त्या दिवसांना लोकांनी हेच नाव दिलं होतं.

घाटाखालचं गाव, सोमवार

धारूरला लॉजवर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन सकाळी निघालो. ज्या गावी पतसंस्थेची शाखा होती ते घाट उतरल्यावर लागतं. खाजाभाईंना एका दुकानात काम होतं, म्हणून ते म्हणाले, तुमी गाव हिंडा तवर.

आम्ही हिंडलो. गल्लीमागून गल्ली, आणि दाराला कुलूप. काही कुलपांवर चिंध्या बांधलेल्या, काही उंबऱ्यांवर काटेरी फांदी आडवी टाकलेली. तारेवर एक लुगडं वाळत होतं, ते उन्हानं इतकं कडक झालं होतं की वाऱ्यानंही हलत नव्हतं. मधल्या चौकात घागरींची रांग होती. प्लास्टिकच्या, पत्र्याच्या, पितळेच्या, दोनशे तरी असतील. एकीच्या मागं एक, वळणावळणानं पार मारुतीच्या देवळामागं गेलेली. जवळ एकही माणूस नव्हता.

ग्रासिएला फोटो काढायला मागं सरली आणि तिचा पाय लागला. एक घागर पडली, ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर. उतार होता. पितळ आणि पत्रा दगडांवर आपटत खाली गेला, त्या आवाजानं सगळा चौक दणाणला.

आणि दारं उघडली.

जी घरं आम्ही रिकामी समजून ओलांडली होती, त्यांच्या मागच्या दारांतून, बोळांतून, छपरांखालून म्हातारी माणसं बाहेर आली. भराभरा, जेवढ्या भराभरा त्या वयात येता येतं तेवढ्या. तीस-चाळीस जण असतील. प्रत्येक जण येऊन आपापल्या घागरीमागं उभा राहिला. टँकर आलाय असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. कुणी रागावलं नाही, कुणी एक शब्द बोललं नाही. दोघींनी वाकून पडलेल्या घागरी पुन्हा रांगेत लावल्या. मग जसे आले तसे सगळे आत गेले, आणि चौक होता तसा झाला.

देवळाच्या पायरीवर बसत ग्रासिएला म्हणाली, "आमच्याकडं लोक हाच आवाज करत. स्वयंपाकघरातली भांडी घेऊन बँकेसमोर यायचे आणि बडवायचे. मी काचेच्या आत असायचे." मग तिनं विचारलं, "इथं कुणी काहीच कसं बोललं नाही?"

दुपारी खाजाभाईंनी आम्हाला वैशालीताईंच्या घरी नेलं. शाखेच्या मॅनेजर त्याच. चाळिशीच्या, बीकॉम झालेल्या, बोलणं नीटस. गावातले बहुतेक ठेवीदार त्यांनीच घरोघर फिरून आणलेले. पगार कधीच थांबला होता. नवरा पुण्याला कंपनीत होता. घरात त्या आणि सासूबाई. सासूबाईंनी ज्वारीची भाकरी आणि येसर मसाल्याची आमटी वाढली. आमटी इतकी झणझणीत की ग्रासिएलाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी म्हातारी मनापासून हसली. दोन दिवसांत त्या मुलखातल्या माणसाचं ऐकलेलं ते पहिलं हसू.

जेवणं झाली. खाजाभाई नमाजाला गेले, सासूबाई आडव्या झाल्या. ग्रासिएलानं वही मिटली आणि म्हणाली, "तिला विचार, तुला किती दिवस आधी कळलं?"

मी विचारलं, "शाखा बंद होणार हे तुम्हाला कसं कळलं?"

ग्रासिएलाला मराठी येत नाही, पण माणसाचा चेहरा वाचायला ती आयुष्यभर शिकली होती. "तू ते नाही विचारलंस," ती शांतपणे म्हणाली.

मग मी नीट विचारलं. वैशालीताईंनी पदराचा काठ बोटांत धरला.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. "वरच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, स्टाफनं आपापलं घरचं काढून घ्या, गवगवा करू नका. मी सासूबाईंची ठेव काढली. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे होते. बाकी कुणाला सांगितलं नाही." मग एकदम माझ्याकडं वळल्या. "ताई, हे इथंच राहू द्या. गावात कुणाला ठाऊक नाही."

मी हे सगळं स्पॅनिशमध्ये सांगितलं, 'मी'च म्हणत. "मी सासूबाईंची ठेव काढली. बाकी कुणाला सांगितलं नाही." सांगताना तो नियम मला पहिल्यांदाच टोचला.

उठताना ग्रासिएलानं वैशालीताईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

शाखा, मंगळवार

शाखा बंद पडूनही दर मंगळवारी उघडते, हे खाजाभाईंनी आधी सांगितलं होतं. मला वाटलं होतं ठेवीदारांची बैठक असेल.

खताच्या दुकानावर पहिला मजला. दुकानदारच जागेचा मालक आणि तोही ठेवीदार, म्हणून त्यानं जागा सोडवून घेतली नव्हती, वीजही त्याच्याच मीटरवर. मुख्य कार्यालयाला सील लागलं होतं, या शाखेपर्यंत अजून कुणी पोचलं नव्हतं. काचेचं दार, निळे सोफे, पुसून ठेवलेली प्लॅस्टिकची फुलं. भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. संस्थापकाचा फोटो तिथं असायचा.

अकराला वैशालीताईंनी कुलूप काढलं आणि त्या काउंटर दोनच्या मागं जाऊन बसल्या. मग माणसं आली. पंधरा-सोळा. चपला बाहेर काढून एकेक जण सोफ्यावर बसला. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. खाजाभाईही बसले. आणि कुणी बोलेना.

मी घड्याळ पाहिलं नाही, पण अर्धा तास तरी गेला असेल. कुणी फोन काढला नाही, कुणी तंबाखू मळली नाही. सगळे वैशालीताईंकडं पाहत होते. रागानं नव्हे. छावणीतली जनावरं रस्त्याकडं पाहतात तसं. वैशालीताईंचे डोळे बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर. मध्येच वीज गेली, पंखे थांबले, तरी कुणी हललं नाही.

वीज परत आली तेव्हा छतातून एका बाईचा गोड आवाज आला.

"टोकन क्रमांक दोनशे अकरा. कृपया काउंटर क्रमांक दोनवर यावे."

सगळ्यांच्या माना छताकडं वळल्या. कुणी उठलं नाही.

"मशीन हाय," खाजाभाई माझ्या कानाशी म्हणाले. "लाइट आली की पुढचा आकडा बोलती. शाखा बंद झाली त्या दिशी बासष्ट व्हता."

"मग बंद का करत नाही?"

"कावून करायचं? हितं तीच एकटी बोलती."

माझ्या शेजारी एक वाळकीशी म्हातारी बसली होती. कौसाबाई. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. आल्यापासून ती जागची हलली नव्हती. आता ती माझ्याकडं झुकली. आवाज हळू, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला.

"काल तिच्या घरी गेलता ना तुमी? काय म्हनली ती?"

वैशालीताईंनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलायचं तर सोपं होतं, खरं बोलायचा मला अधिकार नव्हता. मी ग्रासिएलाकडं वळले.

ग्रासिएलानं विचारलं, काय विचारलं तिनं? मी सांगितलं. ग्रासिएला उठून उभी राहिली आणि लोकांकडं तोंड करून बोलायला लागली. वाक्य संपवून थांबे, माझ्याकडं पाहे, आणि मी मराठीत सांगे.

"मी बँकेत काउंटरवर होते," मी सांगितलं. "बँका बंद होणार हे मला आदल्या दिवशी कळलं. मी माझ्या आईला फोन केला. तिनं येऊन सगळे पैसे काढून नेले. माझ्याच खिडकीवरून नेले. तिच्या मागं रांगेत एक गृहस्थ उभे होते. रोज यायचे, माझ्यासाठी लिंबं आणायचे. मी त्यांना म्हणाले, आज गर्दी आहे, उद्या या."

ग्रासिएला थांबली. मीही थांबले. त्या खोलीतल्या माणसांना ऐकू येत होता तो माझाच आवाज होता.

"ते दुसऱ्या दिवशी आले. काचेवर हात ठेवून उभे राहिले. मी मागच्या दारानं घरी गेले. पुन्हा त्यांना कधी भेटले नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वैशालीताई काउंटरच्या मागं उभ्या होत्या.

"मला चार दिवस आधी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचे काढले. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही."

कुणी ओरडलं नाही. कौसाबाई सोफ्याच्या हाताचा आधार घेत सावकाश उठली आणि काउंटरपाशी गेली.

"चार दिस," ती म्हणाली. "तुझ्या घरामागं माझं घर हाय, वैशाले. माझी चूल पेटली की धूर तुझ्या परड्यात येतो. चार दिसांत तुला तितवर येता आलं न्हाई?"

वैशालीताई रडायला लागल्या. कौसाबाई तशीच उभी. "रडू नको. आमाला म्हाईत व्हतं. गावात घराघरांत रडारड झाली, तुझी सासू तेवढी गप झोपायची. म्हातारं मानूस पैसं गेल्यावर झोपत न्हाई."

"मग इतके दिवस…"

"इतके दिस कशापायी येऊन बसतोय आमी? पैसं हितं न्हाईत, ते का आमाला दिसंना? तू कवा सांगतीस म्हून बसत व्हतो."

हे मी ग्रासिएलाला सांगितलं की नाही, ते मला आता आठवत नाही. बहुतेक तिला सांगावं लागलंच नसेल.

खाजाभाई पुढं आले. "ताई, सायबानं फोन केलता म्हनता. म्हंजी वरच्यांना आधीच म्हाईत व्हतं. हे बीडला पोलिसांत जाऊन लिहून देशाल का?"

"माझ्यावरही केस होईल, खाजाभाई."

"व्हईल," खाजाभाई म्हणाले.

बीड, बुधवार

सकाळी जीप वैशालीताईंच्या दारात थांबली तेव्हा त्या आधीच पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर कागदांची पिशवी. सासूबाई दारात आल्या नाहीत. आम्ही निघणार तोच घराच्या मागून कौसाबाई आली. धुतलेलं लुगडं, हातात भाकरीचं फडकं. कुणाला न विचारता ती मागच्या सीटवर वैशालीताईंच्या शेजारी चढली.

वाटेत ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. खिडकीतून माळ मागं पळत होता. ग्रासिएला माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. आमच्याकडं सगळा देश एकाच वचनावर उभा होता, ती म्हणाली, ते मोडलं तेव्हा सगळे एकदम रस्त्यावर आले. निदान कुणावर भांडी वाजवायची ते ठाऊक होतं. तुमच्याकडं मोठ्या बँकांचं दार पक्कं आहे, म्हणून देश उभा राहतो. पण त्या दारात ज्यांना उभं केलं नाही, ते शेजारच्या खिडकीतून आत गेले, आणि खिडकी कुणाच्या मालकीची ते आता कुणी सांगत नाही.

खाजाभाईंनी आरशातून पाहत विचारलं, काय म्हनत्यात? मी सांगितलं. ते म्हणाले, "खिडकीत आपलंच मानूस बसलं व्हतं ना, म्हून गेलो."

मागच्या सीटवर दोघींनीही हे ऐकलं.

बीडला पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेच्या कचेरीत आम्ही साडेअकराला पोचलो. बाहेरच्या बाकांवर आणखी कितीतरी गावांची माणसं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर तशीच पिशवी. वैशालीताईंचा नंबर तीननंतर लागला. आत जाताना टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, सोबत कोण आहे?

कौसाबाई उठली. "मी हाय."

"तुमी यांच्या कोण?"

वैशालीताईंकडं तिनं पाहिलं नाही.

"शेजारीन," ती म्हणाली, आणि त्यांच्या मागोमाग आत गेली.

दार दोन तासांनी उघडलं. वैशालीताईंचा चेहरा उतरलेला, पण पाठ ताठ. पुन्हा बोलावतील म्हणाल्या, कदाचित आरोपी म्हणूनही. कौसाबाईनं बाकावर फडकं सोडलं, भाकरीचे तुकडे केले आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवले. वैशालीताईंच्या हातावर ठेवला नाही. त्यांच्या बाजूला बाकावर ठेवला. त्यांनी तो उचलून खाल्ला.

आम्ही दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो. ग्रासिएलाला विमानतळावर सोडलं, तेव्हा तिनं मला मिठी मारली. पुढं दीडेक महिन्यानं खाजाभाईंचा फोन आला. पैशाचं काही कळत नाही, पण वैशालीताईंच्या जबाबानंतर वरच्या साहेबाला पुन्हा चौकशीला बोलावलंय, एवढं ते म्हणाले. मंगळवारी आता कुणी जात नाही. शाखेला सील लागलंय.

"आणि त्या दोघी?" मी विचारलं.

"कौसाबाई काय तिच्याशी बोलत न्हाई," खाजाभाई म्हणाले. "पर तारीख असली की दोघी एकाच यष्टीनं बीडला जात्यात. एकाच शिटावर बसत्यात. तिकीट जिचं ती काढती."